नवऱ्याची नादारी, बायकोचा पगार

'ताई, नमस्कार. मी नंदनवनमध्ये राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. कपात होऊन ६२ हजार हातात येतात. मिस्टरांचं गांधीबागेत साड्यांचं होलसेल दुकान होतं. ते दीड वर्षापूर्वी बंद झालं. आता ते हिंगण्याला एका गोदामात १८ हजारांवर आहेत. घराचं कर्ज वेगळं, ते सोडून ४१ लाखांचं देणं आहे. पतसंस्थेचे १४ लाख, बँकेचे ११, दोन फायनान्स कंपन्यांचे ६, व्यापाऱ्यांचे ७ (त्यांना चेक दिलेले आहेत) आणि एका सावकाराचे ३. वकिलांनी नादारीचा अर्ज सुचवला. पण टेक्सासला असलेले माझे चुलतदीर म्हणतात, बायकोचा पगार धरतात, त्यामुळे अर्ज बसणारच नाही. शेजारचे काका म्हणतात, फ्लॅटमधला मिस्टरांचा हिस्सा माझ्या नावावर करून घ्या, वाटल्यास कागदोपत्री घटस्फोट घ्या. सासूबाईंचं म्हणणं, मी पगारावर कर्ज काढून सगळं फेडावं. पतसंस्थेच्या कागदावर तेव्हा मीही सही केली होती. माझा पगार जाईल का? मुलगी बारावीला आहे. रात्री झोप लागत नाही.'

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मिस्टरांनी नादारीचा, म्हणजे 'देणी फेडता येत नाहीत' असं कोर्टाला सांगायचा, अर्ज केला म्हणून तुमचा पगार जात नाही. तुमच्याकडे पगार आहे म्हणून त्यांचा अर्ज फेटाळलाही जात नाही. पण पत्राच्या शेवटाकडे तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून गेलात, पतसंस्थेच्या कागदावर सही केल्याचं. तुमच्या पगाराला धोका असलाच तर तो त्या सहीतून आहे. तुम्ही काळजी पगाराची करताय, मला काळजी त्या सहीची वाटते.

चुलतदीर चुकीचं सांगत नाहीत, ते त्यांच्याकडचं सांगतात. अमेरिकेत २००५ साली कायदा बदलला. तेव्हापासून तिथे कर्ज थेट माफ होणाऱ्या प्रकारात, ज्याला ते चॅप्टर ७ म्हणतात, अर्जदाराच्या उत्पन्नाची चाचणी लागते. नवऱ्याने एकट्याने अर्ज केला तरी एका घरात राहणाऱ्या बायकोची कमाई त्यात धरतात. मागच्या सहा महिन्यांची सरासरी काढतात, त्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून बघतात, आणि बायको जो पैसा घरात न देता स्वतःच्या वेगळ्या देण्यांवर खर्च करते तो वजा करून मिळतो. टेक्साससारख्या काही राज्यांत तर लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईकच मानतात. त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण नागपूरच्या अर्जाला यातलं काहीही लागू होत नाही.

आपल्याकडे २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आला, त्यात व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्या लोकांसाठी सुरू झाला. मिस्टरांचं दुकान त्यांच्या एकट्याच्या मालकीचं होतं, प्रायव्हेट लिमिटेड नव्हतं, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तसं असेल तर या नव्या कायद्याची, मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाची वाट तुमची नाही. तुम्हाला लागू होतो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, आणि अर्ज आपल्या सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात. हा कायदा इतका जुना आहे की अर्ज करायला देणं किमान ५०० रुपये हवं, हा आकडा त्यात अजून तसाच आहे. अर्जदाराला दाखवायचं असतं ते एवढंच, की 'मी माझी देणी फेडू शकत नाही'. माझी देणी, माझी मालमत्ता. आपलं कुटुंब फेडू शकतं का, हा प्रश्न कायदा विचारत नाही.

तुमची कमाई तुमची आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं १४ वं कलम, जे बौद्ध, जैन, शीख बायकांनाही लागू आहे, स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची मानतं. लग्नातले दागिने, माहेरचं सोनं, हे स्त्रीधन तुमचं एकटीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट सांगितलं. नवऱ्याचा धनको, म्हणजे ज्याचं देणं आहे तो, त्यावर बोट ठेवू शकत नाही. फक्त ते तुमचं आहे हे दाखवता आलं पाहिजे. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर दागिन्यांची यादी करा. जुनी बिलं, लग्नातले फोटो, आईकडचं काही लिखित असेल तर तेही एका फाईलमध्ये लावून ठेवा.

मग सगळे सारखा बायकोच्या पगाराचा विषय का काढतात? कारण कोर्टात तो प्रश्न दुसऱ्या दाराने येतो. अर्ज दाखल झाला की धनकोंसमोर अर्जदाराची तपासणी होते. व्यवहार कसे केले, पैसा कुठे गेला, मालमत्ता काय आहे, हे विचारतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका तपासणीला मी हजर होते. समोरच्या वकिलांनी साधा प्रश्न विचारला, 'घर कसं चालतं?' नवरा म्हणाला, 'मीच चालवतो.' बायको मागच्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. घर तिच्या नर्सच्या पगारावर चालत होतं. दूध, किराणा, मुलाची फी, सगळं तिच्या खात्यातून जात होतं. पण चारचौघांत ते बोलायला त्याची जीभ रेटली नाही. पुढचा प्रश्न लगेच आला, 'म्हणजे तुमचं उत्पन्न आहे, ते अर्जात का लिहिलं नाही?' त्या एका उत्तरापायी छुपं उत्पन्न आहे असा आक्षेप लागला. तिच्या पासबुकाची पानं दाखल करून तो खोडून काढेपर्यंत सात-आठ महिने गेले.

म्हणून मिस्टरांशी आजच बोलून ठेवा. घर तुमच्या पगारावर चालतं, हे त्यांना कोर्टात स्पष्ट सांगावं लागेल. त्यांना जड जाईल, पण तेच खरं आहे आणि तेच त्यांच्या अर्जाच्या उपयोगाचं आहे. तुमचा पगार फक्त तुमच्या खात्यात येऊ द्या. संयुक्त खात्यात पैसे टाकायचं थांबवा. त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात किंवा उलट, मोठ्या रकमा फिरवू नका. दोघांचा पैसा एका भांड्यात ओतला की कोणता कुणाचा हे सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं, आणि कोर्टाला वाटलं तर ते तुम्हालाही बोलावून विचारू शकतं.

आता सहीकडे येते. नादारीच्या कायद्यात ४४ वं कलम आहे. नादाराला कर्जातून मोकळं केल्यावरही त्याच्या जामीनदाराची आणि सहकर्जदाराची सुटका होत नाही, असं ते सांगतं. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणण्याची सोय जामीनदाराला नसते. म्हणजे उद्या कोर्टाने मिस्टरांना नादार ठरवलं, त्यांच्या मागची वसुली थंडावली, की पतसंस्था त्याच १४ लाखांसाठी तुमच्याकडे वळेल. पगारदार जामीनदार तिला सगळ्यात सोपा.

पतसंस्थेला त्यासाठी दिवाणी दावाही लावावा लागत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली निबंधकांकडून वसुली दाखला घेतला की वसुली अधिकारी पगारापर्यंत पोहोचतो. त्याआधी तुम्हाला नोटीस येते. ती आल्याबरोबर हजर व्हा, म्हणणं लेखी द्या, व्याजाचा हिशेब मागा. कितीतरी बायका ती नोटीस नवऱ्याच्या हाती देतात आणि नवरा ती कपाटात टाकतो. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध दाद मागायची तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. तुमच्या बाबतीत ते ७ लाख होतील. शिवाय बघा, सह्या करताना त्या गठ्ठ्यात पगारातून परस्पर कपातीचं संमतीपत्र होतं का. शिक्षक असाल तर ते बरेचदा असतं. ते असेल तर सहकार कायद्याच्या ४९ व्या कलमाने कपात थेट शाळेच्या पगारपत्रकात येऊ शकते. एकच दिलासा आहे, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं ५६ वं कलम तसं स्पष्ट सांगतं. पोलीस घेऊन जातील, असं कुणी फोनवर म्हटलं तर घाबरू नका.

बँकेच्या ११ लाखांवर आणि फायनान्स कंपन्यांच्या ६ लाखांवर तुमची सही आहे का, हे पत्रात नाही. हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे स्वतःचा सिबिल अहवाल काढा. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर ते कर्ज तिथे बहुधा दिसेल. तरी त्यावर थांबू नका, प्रत्येक कर्जाच्या कागदांची प्रत लेखी मागा. आणि जिथे तुमची सही नाही, तिथे तुमचं एक रुपयाचंही देणं नाही. वसुलीवाले 'मॅडम, तुमच्या पगारातून कापू' म्हणतील. कोणत्या कागदाच्या आधारे, एवढं विचारा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोनची वेळ वहीत लिहून ठेवा.

व्यापाऱ्यांना दिलेल्या चेकचं वेगळं आहे. चेक न वटल्याचा खटला फौजदारी असतो, नादारीच्या अर्जाने तो थांबत नाही. पण चेक संयुक्त खात्याचा असला तरी आरोपी होतो तो सही करणारा. २०१३ साली अपर्णा शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं. तुम्ही कधी कोऱ्या चेकवर सही करून दिली होती का, हे शांतपणे आठवा. उत्तर हो असेल तर ते वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.

शेजारच्या काकांचा सल्ला मनातून काढून टाका. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. मिस्टरांनी त्यांचा हिस्सा आज बक्षीसपत्राने तुम्हाला दिला आणि दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर कोर्टाचा रिसीव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेऊन धनकोंना वाटायला नेमलेला माणूस, ते बक्षीसपत्र रद्द करून घेऊ शकतो. धनकोंना चुकवायला केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही रद्द करता येतं. मालमत्ता लपवल्याचं सिद्ध झालं तर मिस्टरांना तुरुंगवास होऊ शकतो. आणि आज ज्या प्रामाणिकपणाच्या बळावर कोर्टाकडे दाद मागायची, तोच हातचा जाईल. कागदोपत्री घटस्फोटाने काय साधणार? तुमचा पगार तो न घेताही सुरक्षित आहे आणि तुमची सही तो घेऊनही पुसली जात नाही. खोटं शपथपत्र मात्र कायमचं नोंदलं जाईल, आणि बारावीला असलेल्या मुलीला आई-बाबा वेगळे झाले, पण खरे नाही, हे समजावून सांगावं लागेल. हे करू नका, ताई.

फ्लॅटमध्ये तुमचं काय वाचतं, ते हप्त्यांच्या नोंदींवर ठरेल. दोघांनी मिळून घर घेतलं आणि पैसे वेगवेगळ्या खिशांतून गेले असतील, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४५ व्या कलमाने हिस्सा दिलेल्या पैशाच्या प्रमाणात धरतात. पुरावा नसेल तर निम्मा निम्मा. दुकान बसल्यापासून हप्ता तुमच्या खात्यातून जातोय ना? मग अगदी पहिल्या हप्त्यापासूनचे खातेउतारे बँकेतून काढा. गृहकर्जाची बँक मात्र नादारीच्या बाहेर राहते. गहाण तिचं आहे, तो हक्क कायम असतो. इतर कुणाचंही राहिलं तरी घराचा हप्ता चुकवू नका. मिस्टरांचा हिस्सा रिसीव्हरकडे जाईल, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. राहतं घर जप्तीतून वगळण्याची जी सवलत पंजाबात कायद्याने दिली आहे, ती महाराष्ट्रात आपल्याला नाही. तेव्हा तो हिस्सा कुटुंबातल्याच कुणी, तुमच्या भावाने किंवा सासरच्या कुणी, योग्य किमतीला रिसीव्हरकडून घेता येईल का, हे वकिलांशी आधीच बोलून ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्यात वाईट हेतू नाही. मुलाचं नाव पेपरात येईल, जातभाईंत चर्चा होईल, हे त्यांना सहन होत नाही. पण हिशेब मांडून बघा. ६२ हजारांच्या पगारावर समजा १५ लाखांचं कर्ज मिळालं, १२ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता साधारण ३३ हजार. उरले २९ हजार. त्यातून घराचा हप्ता, लाइटबिल, किराणा, मुलीची फी आणि पुढच्या वर्षीचा प्रवेश. एवढं करून ४१ पैकी २६ लाख तसेच उभे राहणार, आणि आज ज्या कर्जांवर तुमची सही नाही ती स्वतःच्या सहीच्या कर्जाने फेडून तुम्ही त्यांचं देणं स्वतःच्या डोक्यावर घेतलेलं असणार. सासूबाईंना हा हिशेब कागदावर लिहून दाखवा, मिस्टरांनी दाखवला तर जास्त बरं. नवऱ्याच्या नादारीने तुमच्या नोकरीला काही होत नाही. तुम्ही स्वतः बुडालात तर घरात दुसरा आधार नाही, हेही त्यांना सांगा.

तुमच्या पगारातून काही द्यायचंच तर ते फक्त पतसंस्थेला, कारण तिथे तुमचं स्वतःचं देणं आहे. एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव लेखी द्या, दंडव्याज काढून मागा, आणि 'भरल्यावर जामीनदार पूर्ण मुक्त' हे वाक्य तडजोडीच्या पत्रात आल्याशिवाय पैसे भरू नका. पैसे तुमच्या खात्यातून गेले पाहिजेत. मिस्टरांनी अर्जाआधीच्या तीन महिन्यांत स्वतःचे पैसे एकट्या पतसंस्थेला दिले, तर इतरांना डावलून एकाला दिलं म्हणून ते उलटवता येतं. तुम्ही जामीनदार म्हणून भरलं, तर तेवढ्या रकमेच्या तुम्हीच मिस्टरांच्या धनको होता आणि रिसीव्हरकडे इतरांच्या बरोबरीने हक्क सांगू शकता. नवरा-बायकोत हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तो हक्क सोडू नका.

मिस्टरांच्या बाजूचं थोडक्यात. त्यांच्या १८ हजारांतले पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात, म्हणजे फार तर साडेपाच-पावणेसहा हजारांवर टाच येऊ शकते. भांडीकुंडी, कपडे, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा यांना हात लागत नाही. जीएसटीची बाकी असेल तर ती नादारीने माफ होत नाही. कर्जमुक्तीचा आदेश वेगळा मागावा लागतो. त्यासाठी कोर्टाने दिलेली मुदत चुकवली तर नादारीच रद्द होते, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. त्या वेळी कोर्ट मागच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या बघतं. त्या नसतील, किंवा देणी रुपयाला पन्नास पैसेही फिटत नसतील आणि त्याला त्यांचाच दोष असेल, तर पूर्ण मुक्ती मिळत नाही. अट घालून किंवा उशिराने मिळू शकते. दुकान रिकामं करताना वह्या कुठे ठेवल्या, कोणत्या पोत्यात बांधल्या, ते शोधून काढा. सावकाराकडे परवाना आहे का, हे जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात विचारा. परवाना नसेल तर महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि त्या ३ लाखांची गोष्टच बदलते.

तुमच्यासाठी वेगळा वकील बघा. मिस्टरांचे वकील त्यांचं हित बघतील, आणि पतसंस्थेच्या बाबतीत तुमचं हित त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. खर्चाची काळजी करू नका. विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमाने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय सिव्हिल लाइन्सला, न्यायालयाच्या आवारातच आहे. जाताना शेवटची पगारपावती, सिबिल अहवाल, गृहकर्जाचा उतारा आणि पतसंस्थेला प्रत मागितल्याच्या अर्जाची पोच घेऊन जा.

तो अर्ज सोमवारी शाळेतून सुटल्यावर द्या. कर्ज प्रकरणातल्या सर्व कागदांच्या प्रती द्याव्यात, असं लिहा, कर्जखाते क्रमांक टाका, आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या. प्रती हातात आल्या की त्यात संमतीपत्र आहे की नाही, तेवढं मला कळवा.